द्वेषवचनाचे वाचन : झाडीपट्टीतून उपस्थित होणारे काही प्रश्न

समाजमाध्यमांवरील द्वेषमूलक मजकुराच्या नियमनाची चर्चा आपल्याकडे कायद्याच्या किंवा राज्यशास्त्राच्या परिभाषेत होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची मर्यादा कोणती, मध्यस्थ कंपनीची जबाबदारी किती, शासनाने हस्तक्षेप कुठवर करावा, हे तिचे ठरलेले प्रश्न आहेत. ते महत्त्वाचे आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु या सर्व प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रातला आहे. एखादे वाक्य ठेवावे की काढावे हे ठरविण्यापूर्वी ते वाक्य काय म्हणते, कोण म्हणते, कोणाला म्हणते आणि म्हणण्यातून काय करते, हे ठरवावे लागते. म्हणजे नियमन ही मूलतः अर्थनिर्णयनाची कृती आहे. नियमन करणारा माणूस असो वा यंत्र, त्याच्यापाशी अर्थाचा एक सिद्धांत असतोच. तो त्याला ठाऊक असेल किंवा नसेल. प्रस्तुत लेखात या सिद्धांताची तपासणी करावयाची आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेतून न करता गोंदिया जिल्ह्याच्या भाषिक वास्तवातून करावयाची आहे. सीमेवर उभे राहिले की केंद्राचे गृहीतक अधिक स्पष्ट दिसते, एवढेच त्याचे कारण.

यंत्राचा अर्थसिद्धांत कसा घडतो, हे आधी पाहिले पाहिजे. मराठीतील आक्षेपार्ह मजकूर ओळखण्यासाठी गेल्या काही वर्षांत संशोधकांनी वाक्यसंग्रह तयार केले. २०२१मध्ये सुमारे अडीच हजार ट्वीटांचा एक संग्रह पुढे आला. २०२२मध्ये पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या संशोधकगटाने ‘महाहेट’ हा पंचवीस हजारांहून अधिक ट्वीटांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक ट्वीट चारांपैकी एका खान्यात टाकलेले आहे : द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि यांपैकी काहीही नसलेले. हे काम मोलाचे आहे. मराठीपुरते असे काही नव्हतेच, तिथे ते उभे राहिले. तरीही त्यामागची भूमिका समीक्षकाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. वाक्य हे अर्थाचे स्वयंपूर्ण एकक आहे. त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत साठवलेला आहे. आणि पुरेशी उदाहरणे दाखविली तर तो अर्थ संदर्भाशिवाय बाहेर काढता येतो, अशी ती भूमिका आहे. साहित्यविचारात हिला आपण संहितानिष्ठ वाचन म्हणतो. फरक इतकाच की संहितानिष्ठ समीक्षक निदान संपूर्ण कविता तरी वाचीत असे. इथे संभाषणातून एक ओळ उचललेली असते. आधी कोण काय बोलले आणि नंतर काय झाले, ते गळालेले असते.

आता गोंदियाकडे येऊ. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. इथला माणूस बाजारात हिंदी, शाळेत प्रमाण मराठी आणि घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलतो, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात यांतल्या दोन भाषा आणतो. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘डोळा’ इथे ‘डोरा’ होतो. भ्रमणध्वनीवर लिहिताना हीच बोली कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत उतरते. प्रमाण मराठीवर शिकलेल्या वर्गीकारकाला यातले निम्मे शब्द अनोळखी असणार, हे उघड आहे. पण शब्द अनोळखी असणे ही तुलनेने किरकोळ अडचण. कोश वाढवला की ती पुष्कळशी सुटेल. अवघड आहेत ते ओळखीचे शब्द. ‘काहून बे’ हे संबोधन घ्या. पुण्यातल्या कानाला त्यातला ‘बे’ उद्धट, जवळजवळ शिवीसारखा लागतो. वैदर्भीय माणूस तो बालमित्राला लावतो, आणि ज्याला लावत नाही त्याच्याशी अंतर आहे असे समजतो. मात्र हाच ‘बे’ गावातल्या जमीनदाराच्या पोराने वयाने मोठ्या मजुराला लावला, तर तो जिव्हाळा नव्हे, सत्ता होते. शब्द तोच, लिपी तीच, वाक्यरचना तीच. अर्थ ठरतो तो दोघांमधल्या नात्याने, आणि ते नाते वाक्यात कुठेच लिहिलेले नसते.

हे आपल्या काव्यशास्त्राला नवे नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त प्रतीयमान अर्थाचे पहिले उदाहरण म्हणून जी गाथा घेतली ती हालाच्या ‘सत्तसई’तील, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातील आहे. गोदेकाठच्या झाडीत प्रियकराला भेटणारी स्त्री तिथे फुले तोडायला येणाऱ्या धार्मिकाला सांगते की आता निर्धास्त हिंड, तुला त्रास देणारे कुत्रे सिंहाने मारले. वाच्यार्थ अनुमतीचा, ध्वन्यर्थ निषेधाचा. भाषेचा बाह्य आकार आणि तिची कृती परस्परविरुद्ध असू शकतात, ही गोष्ट आपल्या समीक्षेने अशी पहिल्याच पायरीवर मान्य केली. पुढे मम्मटाने व्यंजना कशाकशाने प्रकट होते याची यादी दिली : वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, काकू म्हणजे स्वराचा हेल, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव, देश, काल. यांतली वाक्य आणि वाच्य ही दोन सोडली तर बाकी सर्व गोष्टी शब्दांच्या बाहेर आहेत. नियमनयंत्राकडे साधारणतः ही दोनच असतात.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण यंत्राची बाजू घेणारे लगेच म्हणतात की बाकीच्या गोष्टी त्याला कळणे तंत्रतः अशक्य आहे. हे पूर्णतः खरे नाही. वक्ता कोण, त्याचे मित्र कोण, तो कोणत्या गावचा, कोणत्या वेळी काय पाहतो, हे कंपनीला चांगले ठाऊक असते. जाहिराती त्याच ज्ञानावर विकल्या जातात. मम्मटाची यादी जाहिरात दाखविताना वापरली जाते आणि शिवी वाचताना विसरली जाते. अज्ञानापेक्षा हा निवडीचा भाग अधिक आहे.

संदर्भाविना वाचन केल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. त्यांतल्या एकीचीच चर्चा अधिक होते : निरुपद्रवी वाक्य काढले जाते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लोकरंगभूमीकडे लक्ष वेधले नसते तर विद्यापीठीय समीक्षेने तिची दखल घेतली असती की नाही, याची शंका आहे. दंडार आणि खडी गंमत यांत टोमणा, उखाळ्यापाखाळ्या, प्रतिपक्षाची टर यांना रूढीने मोकळीक असते. शिमग्यालाही ती असते. या प्रयोगांच्या ध्वनिचित्रफिती आता गावातली पोरे समाजमाध्यमांवर टाकतात, आणि रंगमंचाची चौकट नेमकी तिथे गळून पडते. सोंगाड्याचे वाक्य माणसाचे वाक्य म्हणून वाचले जाते. मात्र एवढे म्हणून लोककलेच्या नावाने निर्धास्त होणे मला मान्य नाही. परंपरेने दिलेली मोकळीक सर्वांना समप्रमाणात मिळालेली नव्हती. विनोद कोणाच्या जातीवर, कोणाच्या शरीरावर, स्त्रीवेष घेतलेल्या कोणत्या नटावर होतो, हे पाहिले म्हणजे रूढीची चौकट कित्येकदा गावच्या उतरंडीचीच चौकट असल्याचे दिसते. ‘आमच्याकडे असेच बोलतात’ हा युक्तिवाद बोलीच्या अभिमानी माणसाचा असू शकतो. तो पाटलाच्या वाड्यावरचाही असू शकतो.

दुसऱ्या प्रकारची चूक अधिक गंभीर आहे, कारण ती दिसत नाही. मराठीतील सर्वांत परिणामकारक द्वेषवचन शिवराळ नसते, सभ्य असते. आरक्षणाच्या लाभार्थ्यांना उद्देशून वापरला जाणारा ‘सरकारचे जावई’ हा प्रयोग पाहा. ‘सरकार’ निरुपद्रवी, ‘जावई’ तर मानाचा शब्द. कोणत्याही अपशब्दांच्या सूचीत यांतला एकही सापडणार नाही. इथे लक्षणेची सर्व अंगे जागेवर आहेत : सरकारला मुलगी नसते म्हणून मुख्यार्थाला बाध येतो, फुकट पाहुणचार घेणारा हा संबंध सुचतो, आणि प्रयोजन असते ते म्हणजे हक्काला उपकार ठरविणे, घटनेने मान्य केलेल्या प्रतिनिधित्वाला सासरच्या आयतोबाचे रूप देणे. शिवाय हे बोलताना जातीचे नाव घ्यावे लागत नाही. ऐकणाऱ्याला ते ऐकू येते. न्यायाधीशाला आणि यंत्राला दाखविता येत नाही. ‘पूर्ण नाव काय आपले?’ हा प्रश्न तर याहूनही स्वच्छ. त्यात आदरार्थी सर्वनाम आहे, आणि आडनावाची वाट पाहणारी एक क्षणाची शांतता आहे. वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘विशिष्ट समाज’ हा शब्दप्रयोगही असाच. मूळ हेतू नाव टाळून तणाव टाळण्याचा होता. आज तो शब्द वाचताच कोणता समाज ते वाचकाला नेमके कळते. नाव टाळण्यानेच नाव घेतले जाते.

उच्चारलेला शब्द हाच द्वेषाचा पुरावा मानण्याची ही सवय यंत्राने आणलेली नाही. ती त्याच्या आधीपासून आपल्या संस्थांत आहे, आणि तिची किंमत झाडीपट्टीला ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध झाला नाही. जुन्या भांडणातून घेतलेला सूड, अशी त्या कृत्याची संगती लावण्यात आली. २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या, आणि जातीविषयीचा निष्कर्ष कायम राहिला. विधिशास्त्रीय बाजूने यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. वाचक म्हणून एवढेच दिसते की वैयक्तिक कारण सापडले तेव्हा सामाजिक कारण अनावश्यक ठरले.

याच्याशेजारी दुसरे एक वाचन ठेवावे लागते. २०१४च्या जून महिन्यात, छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आल्यानंतर पुण्यात तणाव पसरला, आणि २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये एका तरुण मुस्लिम संगणक-अभियंत्याला जमावाने ठार केले. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०१७च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन देताना, त्यांचे मृताशी वैयक्तिक वैर नव्हते आणि ते धर्माच्या नावाने चिथावले गेले होते, ही बाब त्यांच्या बाजूची मानली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तो आदेश रद्द केला. २०२३च्या जानेवारीत पुण्याच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली. दोन्ही वाचने एकत्र पाहिली की विचित्र चित्र तयार होते. एकीकडे वैयक्तिक वैर आढळले म्हणून द्वेष उरला नाही. दुसरीकडे वैयक्तिक वैर आढळले नाही म्हणून, निदान जामिनापुरता, द्वेष सौम्य ठरला. समूहाविषयीचा द्वेष नेमका कसा असतो, तर त्याला वैयक्तिक वैराची गरज नसते आणि ते मिळाले तर तो त्याचाही उपयोग करून घेतो. या दोन्ही शक्यता एकाच वेळी वाचू शकणारी वाचनपद्धती आपल्यापाशी तयार झालेली नाही. ती आपल्यापाशी नसताना यंत्राला कोठून देणार?

साहित्यकृतीच्या बाबतीत न्यायालयाने अधिक सूक्ष्म वाचन केल्याचे एक उदाहरण आहे, पण तेही समाधानकारक नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंतर्गत नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ मे २०१५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुद्रक-प्रकाशकांना मुक्त केले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. ऐतिहासिक आदरणीय पुरुषाच्या तोंडी शब्द घातले की अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते, असा त्यामागचा विचार आहे. म्हणजे न्यायालयाला निवेदक, पात्र आणि कवी यांतला भेद दिसला, आणि त्या भेदाचा उपयोग कवीच्या विरोधात झाला. ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाचे उदाहरण याउलट आहे. नामदेव ढसाळांच्या त्या कवितांना प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. पांढरपेशा जगातल्या वाचकाला यातले कित्येक शब्द कळत नाहीत, ते विचारून घ्यावे लागतात, ही कबुली त्या प्रस्तावनेत आहे. मला ती कबुली समीक्षेपेक्षाही वाचनपद्धती म्हणून महत्त्वाची वाटते. वाचकाने आपली अपात्रता आधी सांगितली आणि मग वाचले. आजचा वर्गीकारक ‘गोलपिठ्या’ला निःसंशय अश्लीलाच्या खान्यात टाकील, आणि ‘पूर्ण नाव काय आपले?’ या प्रश्नाला सभ्यतेच्या. रा. भा. पाटणकरांच्या परिभाषेतील लौकिक-अलौकिकाचा वाद इथे वेगळ्याच दाराने परत येतो. अलौकिकतावादी ‘ती कला आहे’ म्हणून ढसाळांना सोडवील, परंतु कलाकृती नसलेल्या ओळीत एखादा दलित तरुण आपल्यावर फेकलेला शब्द उचलून स्वतःचे नाव म्हणून वापरतो, तेव्हा त्याला सोडवायला हा सिद्धांत पुरत नाही.

मग वाचन कोणी करावे? काव्यशास्त्राचे उत्तर सहृदयाचे आहे. पण सहृदय हा वक्त्याच्या संस्कारात वाढलेला, त्याच्या जगाशी तन्मय होणारा रसिक. द्वेषवचनाचा सहृदय असा विचार केला तर तो बोलणाऱ्याचा साथीदारच निघेल. सूचना त्यालाच आधी कळते आणि तोच हसतो. शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८)मध्ये आणि शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६)मध्ये पारंपरिक रसिकाच्या अधिकाराला जे आव्हान दिले, ते इथे अत्यंत उपयोगाचे आहे. ज्याच्यावर वचन फेकले जाते तो बोद्धव्य हाच त्याचा अधिकारी वाचक, असे म्हणावे लागेल. ‘सरकारचे जावई’ या प्रयोगाचा अर्थ वसतिगृहातल्या मुलीला विचारावा, बोलणाऱ्याच्या हेतूत शोधू नये.

हे म्हटल्याबरोबर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. दुखावलेल्याचे वाचन प्रमाण मानले तर दुखावले जाण्याची स्पर्धा सुरू होते. आपल्याकडे ती झालेली आहे. २०१२च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो पसंत केला, आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविणारा २४ मार्च २०१५चा श्रेया सिंघल निकाल आला. तिथेही कोणाच्या तरी भावना दुखावल्याच होत्या. तेव्हा भेद करावा लागतो तो भावनेच्या तीव्रतेवरून नव्हे. जेरेमी वॉल्ड्रन यांनी २०१२च्या आपल्या ग्रंथात द्वेषवचनाची हानी भावनेत न पाहता प्रतिष्ठेत पाहिली आहे : समाजाचा बरोबरीचा सभासद म्हणून निर्धास्त वावरता येईल ही हमी काढून घेणे, ही ती हानी. ही कसोटी आपल्याकडे जातीच्या संदर्भात अधिकच अर्थपूर्ण ठरते. बंदविषयीच्या प्रश्नाने कोणाचे नागरिकत्व उणे झाले नाही. ‘जावई’ म्हटल्याने वर्गातल्या एका बाकावरच्या मुलीचे तिथे असणेच संशयास्पद होते. शब्दांची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राला मात्र या दोहोंत फरक करण्याचे साधन नाही.

कंपन्यांना यातले काही कळत नाही, असे नाही. मेटाच्या धोरणात संरक्षित वैशिष्ट्यांच्या यादीत जात आहे. ते धोरण कोणत्या भाषेत वाचले जाते, हा प्रश्न उरतो. फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांत हिंदी आणि बंगाली वर्गीकारकांच्या अभावी पुष्कळसा मजकूर पकडलाच जात नसल्याची नोंद होती. त्याच वर्षी कंपनीच्या पर्यवेक्षण मंडळाने एका पंजाबी मजकुराचे प्रकरण हाताळताना, तिचे नियम पंजाबीत उपलब्धच नसल्याचे दाखवून दिले. २०२२मध्ये त्याच मंडळाने अरबीतील अपमानकारक शब्द आपलेसे करण्यासाठी लिहिलेला मजकूर काढणे चुकीचे ठरविले. म्हणजे शब्द आणि वापर यांतला भेद तत्त्वतः मान्य झाला आहे. पण हिंदी, बंगाली, पंजाबी यांची ही कथा, तर जनगणनेत हिंदीच्या खात्यावर मांडल्या जाणाऱ्या पोवारीचे काय? आठव्या अनुसूचीत नसलेल्या गोंडीचे काय? मराठीची बोली म्हणून मराठीत आणि मराठी म्हणून कुठेच न मोजल्या जाणाऱ्या झाडीबोलीचे काय? या भाषांतल्या द्वेषवचनाला मोकळे रान आहे, आणि या भाषांतल्या थट्टेला संरक्षण नाही. दोन्ही एकाच अज्ञानाची फळे आहेत.

वाचता येत नाही तेव्हा सत्ता काय करते, तेही आपण पाहिले आहे. २०२३च्या जून महिन्यात कोल्हापुरात औरंगजेबाविषयीच्या काही स्थितीसंदेशांवरून हिंसा उसळली आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. काही तरुणांच्या वाक्यांचे वाचन करता येईना, म्हणून सबंध जिल्ह्याचे लिहिणे-वाचणे थांबले. वर्गीकारकाच्या चार खान्यांपेक्षाही हा खाना मोठा. त्यात सगळेच बसते.

या परिस्थितीत मराठी विभागांना करण्यासारखे एक काम मला दिसते, आणि ते मोठे नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातील महाविद्यालयांत बोलींचे शब्दसंग्रह करणारे विद्यार्थी आहेत. ते शब्द गोळा करतात, अर्थ लिहितात, आणि बहुतेक वेळा अपशब्द गाळतात. मार्गदर्शकाला ते दाखवायला संकोच वाटतो. त्यांनी तो संकोच सोडावा. प्रत्येक शब्दापुढे अर्थाऐवजी मम्मटाची यादी भरावी : कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, कोणत्या हेलाने, कोणत्या प्रसंगी, आणि ज्याला म्हटले जाते तो ते ऐकून काय करतो. हा शेवटचा रकाना मम्मटाच्या यादीत नाही. तो भरायला वसतिगृहात, धानाच्या बांध्यांवर, बिडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीवर जावे लागेल, आणि तिथली पहिली काही उत्तरे बहुधा ‘काही नाही’ अशीच येतील.